हृदयाला कान असतात, सर!

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या उर्दू हायस्कूलमध्ये विज्ञानाच्या शिक्षकांची जागा रिकामी झाली आणि आठवीचे विज्ञान माझ्या गळ्यात पडले. मी मूळचा भाषेचा माणूस. बी.ए., बी.एड., विषय उर्दू आणि मराठी. मुख्याध्यापक म्हणाले, "किताब तो उर्दू मेंच है ना सर, पढा डालो." मी पढवून टाकले. धडा वाचायचा, अवघड शब्दांखाली रेघ मारायला लावायची, प्रश्नोत्तरे फळ्यावर लिहून द्यायची. भाषेच्या तासाला जे करत होतो, तेच. फरक एवढाच, की भाषेच्या तासाला मला विषय येत होता.

आमच्या भागात जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळा बहुतेक सातवीपर्यंत. आठवी म्हणजे हायस्कूलचे पहिले वर्ष. आसपासच्या चार-पाच गावांतली पोरे-पोरी एस.टी.ने येतात. वय तेरा. आतापर्यंत "परिसर" आणि "सामान्य विज्ञान" एवढेच ऐकलेल्या या मुलांच्या पुढ्यात पेशी येते, पेशीतली अंगके येतात, मग श्वसन आणि रक्ताभिसरण. जीवशास्त्राची खरी ओळख इथे होते. ती कशी होते, यावर पुढे मूल विज्ञानाला जाणार की विज्ञान पाहून पळणार, हे बरेचसे ठरते. हे मला आज कळते. तेव्हा कळत नव्हते.

तर त्या वर्षी तोंडी परीक्षेत मी एका मुलाला विचारले, "दिल के बारे में क्या जानते, बोलो." त्याच्या वडिलांचे मटणाचे दुकान. पोरगा सकाळी दुकानात बसून मग शाळेत यायचा. तो उत्साहाने म्हणाला, "सर, दिल को दो कान रहते."

वर्ग हसला. मीही हसलो. खरे सांगायचे तर हसण्यापेक्षा वाईट केले. म्हणालो, "कान दिल को नहीं, तुझे हैं, और उनसे तू सुनता नहीं." वर्ग आणखी हसला. मी त्या प्रश्नाला शून्य गुण दिले. पुस्तकात लिहिले होते, हृदयाचे चार कप्पे, दोन उझैन, दोन बुतैन. कानाचा कुठे उल्लेखच नव्हता.

पोरगा नववीत शाळेतून गळाला. माझ्या त्या एका वाक्यामुळे गळाला असे मी म्हणणार नाही. वडिलांना मणक्याचा त्रास सुरू झाला होता, दुकानात माणूस हवा होता. पण शाळेत थांबावे असे काही कारण मी त्याला दिले नव्हते, हे मात्र खरे.

नंतर तीन वर्षांनी एका रविवारी मी त्याच्याच दुकानात उभा होतो. आता ओट्यावर तोच बसत होता. सलाम झाला, चहा मागवला गेला. मग त्याने बाजूच्या पातेल्यातून बकऱ्याचे दिल उचलले, तळहातावर ठेवले आणि माझ्यापुढे धरले. "ये देखो सर. कान."

खरेच कान होते. हृदयाच्या वरच्या बाजूला, डावीकडे एक आणि उजवीकडे एक, सुरकुतलेल्या, कडेला किंचित झालरीसारख्या दोन छोट्या पाळ्या. बोटाने उचलल्या तर उचलल्या जात होत्या. आयुष्यभर मी दिल-कलेजी खात आलो होतो. शिजलेल्या फोडी पाहिल्या होत्या. अख्खे दिल नीट कधी पाहिलेच नव्हते. आणि दोन वर्षे मी ते शिकवत होतो!

घरी येऊन कोश उघडले. भाषेच्या माणसाला दुसरे काय सुचणार? अरबीत कानाला म्हणतात उझ्न. त्याचे लघुरूप उझैन. म्हणजे छोटा कान. मराठीत वरच्या कप्प्याला जुना शब्द कर्णिका. कर्ण म्हणजे कान, हे सांगायला नको. इंग्रजीत ऑरिकल, तो लॅटिनमधून आलेला, अर्थ पुन्हा तोच, छोटा कान. आजची इंग्रजी पुस्तके कप्प्याला एट्रियम म्हणतात आणि ऑरिकल हा शब्द नेमका त्या बाहेरच्या पाळीसाठी राखून ठेवतात. खालच्या कप्प्याचेही असेच. बुतैन म्हणजे छोटे पोट, अरबी बत्नपासून. इंग्रजी व्हेंट्रिकलच्या मुळाशीही पोटच आहे. मराठीने इथे आपली वेगळी वाट धरली. जवनिका म्हणजे पडदा.

अरबीने, लॅटिनने आणि संस्कृतने हृदयाकडे पाहिले आणि तिघींनाही कान दिसला. आमच्या आठवीतल्या पोरालाही कान दिसला. ज्याने पाहिले नव्हते असा वर्गात एकच माणूस होता, आणि खडू त्याच्या हातात होता.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात जाऊन त्याला हे सगळे सांगितले. म्हणालो, "तू बरोबर होतास. पुस्तकातल्या शब्दाचा अर्थच तो आहे." तो कट्ट्यावरचे सुरे पुसत होता. हसून म्हणाला, "फिर मेरे नंबर बढाव सर."

वाचकहो, हा लेख त्या नंबरांसाठी आहे.

आपल्या मुलांना जीवशास्त्र अवघड जाते असे आपण सहज म्हणतो. उर्दू माध्यमाची मुले तर विज्ञानाला जातच नाहीत, मुली तर नाहीतच, अशी तक्रार प्रत्येक तालीमी जलशात ऐकू येते. त्याची कारणे सांगताना गरिबी येते, सरकार येते, शिक्षकांच्या रिकाम्या जागा येतात. हे सगळे खरे आहे. पण वर्गात काय घडते त्याबद्दल आपण शिक्षक फारसे बोलत नाही. आज तेवढेच बोलतो.

पहिली अडचण शब्दांची. आमच्या मुलाच्या घरात दक्खनी बोलतात. पुस्तक उर्दूत, आणि तेही अरबी-फारसी परिभाषेचे. बाजारात, दवाखान्यात, एस.टी.त मराठी. आणि दहावीनंतर विज्ञान घेतले की अकरावीला जवळपास सगळीकडे इंग्रजी. एकच वस्तू, तिची चार नावे. खुलिया, पेशी, सेल. आता "पेशी" म्हटले की आमच्या मुलांना कोर्ट आठवते. मी एकदा मराठीच्या तासाला पेशी हा शब्द सांगितला, तर एक मुलगी घाबरून म्हणाली, "सर, पेशी तो अब्बा की रहती, अगले महिने." वडिलांचा जमिनीचा दावा चालू होता. आणि "सेल" म्हणजे बॅटरीत घालायचा. बिचाऱ्या मुलाने करावे काय?

यावर दोन उपाय सांगितले जातात. एक, सगळे पहिल्यापासून इंग्रजीत करा. दुसरा, मातृभाषेचा अभिमान धरा, इंग्रजी शब्द वर्गात येऊच देऊ नका. मला दोन्ही पटत नाहीत. मातृभाषेत उच्च विज्ञान शिकवता येत नाही असे म्हणणाऱ्यांना आम्ही मराठवाड्याचे लोक तरी सहज उत्तर देऊ शकतो. 1918 साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले ते उर्दू माध्यमातून. त्यासाठी आदल्याच वर्षी दारुल तर्जुमा, म्हणजे भाषांतराचे खाते उभे राहिले होते. आमचा भाग तेव्हा त्याच राज्यात होता. उझैन, बुतैन यांसारख्या शब्दांमागे पिढ्यांची मेहनत आहे, त्यांची टिंगल करण्याचे कारण नाही. पण आजच्या मुलाला अकरावीत कोणत्या वर्गात बसायचे आहे, तेही विसरून चालत नाही. 2018 पासून नीटची प्रश्नपत्रिका उर्दूतही मिळते, ही चांगली गोष्ट झाली. मधल्या दोन वर्षांचे काय, हा प्रश्न मात्र तसाच राहिला.

माझा अनुभव असा, की आधी वस्तू दाखवली तर चार नावांचे ओझे होत नाही. नावे ओझे होतात ती वस्तूच पाहिलेली नसते तेव्हा. कांद्याच्या आतल्या बाजूचा पातळ पापुद्रा काढा, आयोडीनचा एक थेंब टाका, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा. विटांसारख्या रचलेल्या खोल्या दिसतात. मग सांगा, 1665 साली रॉबर्ट हूकने बुचाचा पातळ काप असाच पाहिला, त्याला लहान लहान खोल्या दिसल्या म्हणून तो त्यांना सेल म्हणाला. मग सांगा, अरबीत खलिय्या म्हणजे मधमाश्यांचे पोळेही, त्यावरून आपला खुलिया. मराठीत पेशी. मुले तिन्ही शब्द वहीत चित्राभोवती लिहितात आणि विसरत नाहीत. आमच्या शाळेत सूक्ष्मदर्शक एकच आहे. मी विज्ञान हातात घेतले तेव्हा तो कपाटात होता, कपाटाला कुलूप होते, आणि किल्ली निवृत्त झालेल्या सरांकडे. फुटेल म्हणून कोणी काढत नव्हते. मला वाटते, मुलांच्या हातून फुटलेला सूक्ष्मदर्शक कपाटात सुखरूप असलेल्यापेक्षा बरा.

दुसरी अडचण याहून मोठी. मूल घरून जे ज्ञान घेऊन येते त्याला आपण ज्ञान मानत नाही. विचार करा, बकरी ईद होऊन गेलेल्या घरातल्या तेरा वर्षांच्या मुलाने काय काय पाहिलेले असते. कलेजी, गुर्दे, तिल्ली, फेफसा, भेजा, ओझडी. शहरातल्या मोठ्या शाळांत प्लास्टिकचे मॉडेल आणून जे दाखवतात, ते आमच्या अंगणात वर्षातून एकदा खरेखुरे असते. मुलींना तर मुलांपेक्षा जास्त माहीत असते, कारण ओझडी धुवायला त्याच बसतात. फेफसा पाण्यात टाकला तर तरंगतो आणि कलेजी बुडते, हे आमच्या वर्गातल्या बहुतेक मुलींनी पाहिलेले होते. का तरंगतो, हे त्यांना कोणी विचारले नव्हते. मी विचारले. दोन मिनिटे शांतता. मग मागच्या बाकावरून उत्तर आले, "अंदर हवा रहती ना सर." फुप्फुसातल्या वायुकोशांचा धडा तिथेच निम्मा झाला.

तेव्हापासून दरवर्षी एक दिवस आमच्या शाळेच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये "दिल का दिन" असतो. बकऱ्याची दोन हृदये, श्वासनलिकेसकट एक फुप्फुस, सायकलचा पंप, पाण्याची बादली, साबण. एवढेच साहित्य. पंपाने हवा भरली की मलूल पडलेले फुप्फुस फुगून गुलाबी होते, आणि मुले नकळत स्वतःच्या छातीवर हात ठेवतात. श्वासनलिकेवर बोट फिरवायला सांगतो. कड्या हाताला लागतात, पण पूर्ण गोल नाहीत, मागच्या बाजूला उघड्या. मागे अन्ननलिका असते, घास उतरताना तिला जागा लागते. कड्या नसत्या तर श्वास आत ओढताना नळी चिकटून बसली असती.

मग हृदय कापतात. डाव्या आणि उजव्या बाजूच्या भिंती चिमटीत धरून पाहायला सांगतो. डावी बरीच जाड. का? उजवीकडचे रक्त शेजारीच फुप्फुसात जायचे असते, डावीकडच्याला डोक्यापासून पायाच्या बोटापर्यंत जायचे असते. ज्याला काम जास्त त्याची भिंत जाड. मुलांना हे लगेच पटते, हमालाचे दंड त्यांनी पाहिलेले असतात. मग मनगटावर नाडी मोजायची. मिनिटाला 72 धरली तर दिवसाला एक लाख तीन हजारांच्या वर ठोके होतात. हा गुणाकार मुले स्वतः करतात आणि उत्तर चुकले असेल म्हणून पुन्हा करतात.

मधल्या जाड पडद्यात रिकाम्या रिफिलची कांडी घालून बघा म्हणतो. जात नाही. मग इब्न अल-नफीसची गोष्ट. दुसऱ्या शतकातल्या गॅलनने सांगितले होते, की या पडद्यात डोळ्यांना न दिसणारी छिद्रे आहेत आणि रक्त त्यांतून उजवीकडून डावीकडे जाते. हजार वर्षे सगळ्यांनी मान्य केले, आपल्या इब्न सीनानेसुद्धा. तेराव्या शतकात कैरोत काम करणाऱ्या इब्न अल-नफीसने लिहिले, की या पडद्यात वाट नाही. रक्त फुप्फुसातून फिरून डावीकडे येत असले पाहिजे. युरोपात विल्यम हार्वीचे रक्ताभिसरणावरचे पुस्तक आले ते 1628 साली. मी ही गोष्ट "बघा, सगळे शोध आमचेच" असे सांगण्यासाठी सांगत नाही. त्या फुशारकीने आपले फार नुकसान केले आहे. मी ती सांगतो कारण त्या माणसाने आपल्या उस्तादांच्या उस्तादाला अदबीने म्हटले, की हे बरोबर दिसत नाही. आणि मी माझ्या शागिर्दाला, त्याने बरोबर सांगितले असताना, गप्प केले होते.

आक्षेप आले. येणारच. एक पालक रागाने म्हणाले, "सर, बच्चे को डॉक्टर बनाना है, कसाई नहीं." मी त्यांना म्हटले, डॉक्टर व्हायला निघालेल्याला पहिल्या वर्षी शरीररचनेच्या दालनातच उभे करतात. आणि कसाब हा प्रामाणिक धंदा आहे, त्याचे नाव शिवीसारखे घेऊ नये. ते गप्प झाले, पटले की नाही माहीत नाही. आमच्याकडचे दोन सहकारी शाकाहारी आहेत. त्यांच्याशी आधीच बोललो. म्हणून शेड मागच्या बाजूला, वर्गात काही नाही, आणि ज्या मुलाला पाहवत नाही त्याने चित्र काढावे, त्याला सक्ती नाही. एक सहकारी लांब उभे राहून पाहत होते, शेवटी फुप्फुस फुगताना जवळ आले. ज्या शाळेला हे जमणार नाही, तिने फुगे, स्ट्रॉ आणि बाटली घेऊन फुप्फुस करावे. मटण आणलेच पाहिजे असा माझा हट्ट नाही. मूल जे पाहते तिथून सुरुवात करा, एवढेच म्हणणे आहे. शेतकऱ्याच्या मुलाला कापसाच्या बोंडापासून आणि मेंढपाळाच्या मुलाला मेंढीच्या रवंथापासून करा.

"पोर्शन कधी संपवणार?" हा आमच्या शिक्षकांचा आक्षेप. त्याचे उत्तर मी हिशेबाने देतो. तो एक दिवस आणि नंतरचे दोन तास, यात मानवी शरीराचा धडा संपतो. पूर्वी मी त्याला नऊ तास घेत होतो.

आणि आता ती गोष्ट, जिच्यामुळे हा विषय माझ्यासाठी पोर्शनचा राहिला नाही. गेल्या वर्षी कापलेल्या हृदयात एका मुलीने झडप पाहिली आणि विचारले, "सर, ये धागे काय के?" झडपेला खालून पांढरे बारीक दोर बांधलेले असतात. मी सांगितले, रक्ताच्या जोराने झडप उलटी फिरू नये म्हणून. वाऱ्यात छत्री उलटते तशी. तिने त्या झडपेला बोट लावले आणि हळूच म्हणाली, "येच वाल है क्या? मेरी अम्मी का वाल खराब है बोलते."

घरात तीन वर्षांपासून तो शब्द फिरत होता. वाल. दवाखान्याच्या कागदावर होता, मामांच्या बोलण्यात होता, रात्री अम्मीला धाप लागायची तेव्हा होता. तो काय असतो, ते या लेकराने कधी पाहिले नव्हते. मला पुढचे येत नव्हते. मी आमच्या ओळखीच्या डॉक्टरांना विचारले आणि दुसऱ्या दिवशी वर्गाला सांगितले. लहानपणी घसा एका विशिष्ट जिवाणूमुळे सुजतो, उपचार नीट होत नाहीत, मग कधी कधी ताप आणि सांधेदुखी होते, आणि त्यातून हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडू शकतात. अशा रुग्णांपैकी अनेकांना डॉक्टर दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन देतात. बरे वाटले म्हणून ते मनाने थांबवायचे नसते. मुलगी म्हणाली, "अम्मी तो सुई लेना छोड दी. बुखार नहीं आता बोल के."

पुढचे सगळे सांगण्याचा मला हक्क नाही. एवढेच सांगतो, की तिच्या विज्ञानाच्या वहीच्या शेवटच्या पानावर आता तारखा लिहिलेल्या असतात. एकेक तारखेपुढे बरोबरची खूण.

जीवशास्त्र म्हणजे दुसरे काय असते? तेरा वर्षांच्या मुलीला स्वतःच्या आईच्या छातीत काय चालले आहे ते कळणे. त्यासाठी डॉक्टर व्हावे लागत नाही, आठवी नीट शिकावी लागते.

म्हणून माझ्या शिक्षक बंधू-भगिनींना विनंती, की या वर्षी कपाटाची किल्ली शोधा. आणि पालकांना विनंती, की ईदच्या दिवशी मुलाला "जा, खेळ" म्हणून हाकलू नका. जवळ बसवा, प्रत्येक अवयवाचे घरातले नाव सांगा. पुस्तकातले नाव आम्ही सांगू.

आमच्या शेडमध्ये हृदय कापायला दरवर्षी तोच मुलगा येतो. आता अठराचा झाला आहे. दुकान दोन तास धाकट्या भावावर सोपवतो, स्वच्छ शर्ट घालून येतो. त्याचा हात माझ्यापेक्षा सफाईचा. पहिल्यांदा तो दोन्ही कान उचलून दाखवतो आणि वर्गाला विचारतो, "ये क्या है?" कोणी हसत नाही. मी बाजूला उभा राहून फळ्यावर लिहितो, कान, उझैन, कर्णिका, ऑरिकल.

17 नंबरचा फॉर्म भरून दहावीला बाहेरून बस, असे मी त्याला दोनदा म्हटले. अजून भरलेला नाही. परवा दुकानात गेलो तर फॉर्म कधी निघतो, हे मात्र त्याने स्वतःहून विचारले.